समाजातली आणि घरातली सत्ता नाटक कसं दाखवतं?

तुमचा प्रश्न असा आहे की कादंबरी, सिनेमा, वर्तमानपत्रं असताना सत्तेबद्दल नाटक वेगळं काय सांगतं, आणि राज्यकारभारातली सत्ता व घरातली सत्ता या दोन्ही गोष्टी त्याला एकाच तऱ्हेने कशा दाखवता येतात. मी हौशी रंगभूमीवर बरीच वर्षं काम करतो, म्हणून तालमीतल्या एका गोष्टीपासून सुरुवात करतो.

राजाचं काम करणाऱ्या नवख्या नटाला वाटतं, आवाज चढवला आणि छाती पुढे काढली की झाला राजा. तसं होत नाही. तो आत आल्यावर बाकीचे उठतात का, बोलता बोलता थांबतात का, त्याच्याकडे पाठ करायला कचरतात का, यावर तो राजा ठरतो. दरबाऱ्यांनी काम नीट केलं नाही तर मुकुट घालूनही तो कुणीच नसतो. म्हणजे रंगमंचावरची सत्ता कायम दुसऱ्यांनी दिलेली, उसनी असते. माझं मत असं की मराठीतल्या उत्तम नाटकांनी याच उसनेपणावर बोट ठेवलं आहे. सत्ता कुणाकडे आहे यापेक्षा ती त्याला कुणी दिली, कशासाठी दिली आणि काढून कोण घेणार, हे ती विचारतात.

विजय तेंडुलकरांचं ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ घ्या. १९६७ साली ‘रंगायन’ या नाट्यसंस्थेने ते केलं, दिग्दर्शन अरविंद देशपांडे यांचं, आणि लीला बेणारेची भूमिका सुलभा देशपांडे यांनी केली. मुंबईहून एका गावात अभिरूप न्यायालयाचा प्रयोग करायला आलेली ही मंडळी. वेळ जात नाही म्हणून आपल्यातल्याच एकीवर, शाळेत शिकवणाऱ्या बेणारेबाईंवर, लुटुपुटीचा खटला चालवतात. आरोप भ्रूणहत्येचा. हळूहळू खेळ खरा होत जातो, कारण तिचं खाजगी आयुष्य सगळ्यांना थोडंथोडं ठाऊक असतं.

यात खटला चालवणारे कोण आहेत ते बघा. सुखात्मे हे अशिलं नसलेले वकील, कर्णिक हा न चमकलेला नट, पोंक्षे नापास झालेला. काशीकर पतिपत्नींना मूल नाही, आणि त्यांनी सांभाळलेला रोकडे त्यांच्यापुढे तोंड उघडत नाही. बाहेरच्या जगात यांतल्या एकालाही कुणी विचारत नाही. त्यांना एक संध्याकाळ खुर्ची, पिंजरा आणि ‘शांतता’ म्हणण्याचा अधिकार मिळतो आणि ते एका बाईचं आयुष्य उसवतात. फिर्यादीचे वकील सुखात्मे, बचावाचेही सुखात्मेच. न्यायाधीश काशीकर मध्येच खुर्ची सोडून स्वतः साक्ष देतात आणि परत जाऊन बसतात. कुणालाही त्यात वावगं वाटत नाही. आपल्या सोसायटीच्या बैठकीत, नातेवाइकांनी मुलीला मधे बसवून घेतलेल्या ‘चर्चे’त न्याय याच पद्धतीने होतो, हे मला तरी हे नाटक वाचेपर्यंत इतकं स्पष्ट दिसलं नव्हतं.

मिसेस काशीकरांवर खास नजर ठेवा. नवरा त्यांना सगळ्यांदेखत पुन्हा पुन्हा गप्प करतो. आणि बेणारेबाई पिंजऱ्यात जायला तयार नसतात तेव्हा त्यांना ओढत नेणारी हीच बाई असते. घरातली सत्ता कशी झिरपते, ती सोसणाराच ती पुढे कशी चालवतो, हे सांगणारं एकही भाषण नाटकात नाही. ते फक्त दोन देहांच्या झटापटीत दिसतं.

आणि प्राध्यापक दामले? बेणारेबाईंच्या पोटातल्या मुलाचा बाप, जो नाटकभर येतच नाही. साक्षीला त्याचं नाव पुकारलं जातं, पण आरोप त्याच्यावर कुणी ठेवत नाही. बेणारेबाईंचं शेवटचं मोठं स्वगत चालू असताना बाकीची पात्रं गोठलेली असतात. म्हणजे बोलण्याची मुभा मिळते तेव्हा ऐकणारं कोर्टच जागेवर नसतं, ऐकत असतो आपण, अंधारात बसलेले. सिनेमात कॅमेरा जवळ नेऊन तिचा चेहरा दाखवता येईल, पण न ऐकणारी माणसं तिच्याभोवती त्याच वेळी डोळ्यांसमोर ठेवणं ही नाटकाची ताकद आहे.

आता हीच रीत राज्याच्या पातळीवर. तेंडुलकरांचंच ‘घाशीराम कोतवाल’ १६ डिसेंबर १९७२ला पुण्यात आलं. जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, भास्कर चंदावरकरांचं संगीत, मोहन आगाशे नाना फडणवीस. कनोजहून पोट भरायला आलेल्या घाशीरामवर पुण्यात चोरीचा आळ येतो, अपमान होतो, तो सूड घ्यायची शपथ घेतो. स्वतःची मुलगी नानाच्या हवाली करून कोतवाली मिळवतो. नानाचा हिशेब साधा आहे: जुलूम मी करीन, तो कोतवालाच्या नावावर पडेल. लोक खवळतात तेव्हा नाना त्याच्या मरणाच्या हुकुमावर सही करतो आणि स्वतः तसाच उरतो. (कोतवालाला पुण्यात जमावाने ठार केलं ही घटना १७९१ची, पण तेंडुलकरांना इतिहास लिहायचा नव्हता.) धोतर नेसलेल्या पुरुषांची एक रांग कधी पडदा होते, कधी वाड्याची भिंत, कधी जमाव. झाकणारे तेच, बघणारे तेच आणि शेवटी दगड मारणारेही तेच. त्या रांगेमुळे मी या नाटकाला नानाचं किंवा घाशीरामचं म्हणत नाही, जमावाचं म्हणतो.

नाटकाने ब्राह्मणांची आणि नानांची बदनामी केली म्हणून गदारोळ झाला. १९ प्रयोगांनंतर मूळ संस्थेने ते थांबवलं, तेव्हा बाहेर पडलेल्या मंडळींनी १९७३ साली ‘थिएटर अकॅडमी’ काढून ते पुन्हा उभं केलं. त्याआधीही सत्तेला नाटक बोचलेलं आहेच. खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’त (१९०७) प्रेक्षकांना व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन दिसला आणि १९१०मध्ये इंग्रज सरकारने त्यावर बंदी घातली. पौराणिक पोशाख असूनही!

घराबद्दल बोलायचं तर महेश एलकुंचवारांचं ‘वाडा चिरेबंदी’ (१९८५) सोडता येत नाही. देशपांडे घराण्याचे कर्ते तात्याजी वारलेले आहेत, रंगमंचावर येत नाहीत, तरी घर त्यांच्याच हुकुमात चालतं. मुलगी प्रभा हिला त्यांनी शिकू दिलं नाही ते आता बदलत नाही. मुलगा चंदू गड्यासारखा राबतो. पैसा संपलाय, अंगणात बंद ट्रॅक्टर पडलाय, पण त्यांची तेरवी, म्हणजे तेराव्या दिवसाचं कार्य, देशपांड्यांच्या इभ्रतीला शोभेल अशीच व्हायला हवी. इथे खलनायक नाही, म्हणून ते मला तेंडुलकरांपेक्षाही जास्त छळतं. प्रत्येकाला दुसऱ्याची अडचण कळते आणि तरी प्रत्येक जण गेलेल्या माणसाच्या वतीने दुसऱ्याला अडवतो.

तुम्ही वाचणार असाल तर ‘शांतता’पासून सुरू करा, मग ‘वाडा’. ‘घाशीराम’ मात्र शक्य असेल तर प्रयोगाचं चित्रण मिळवून बघा, कारण ती रांग कागदावर हलत नाही. आणि वाचताना कंसातल्या रंगसूचना गाळू नका. कोण उभं आहे, कोण बसलंय, कुणाचं वाक्य तोडलं जातंय, हे सगळं तिथे लिहिलेलं असतं.