स्तनातली कॅन्सरची गाठ काढली, पण कडा साफ हाईत काय? वाचकांचे प्रश्न

आईची गाठ काढली, स्तन ठेवलाय. मार्जिनचा, म्हणजे काढलेल्या तुकड्याच्या कडांचा, रिपोर्ट आठवड्यानं म्हणतात. टेबलावरच कळत नाही काय? (खानापूर)

थोडंफार कळतं की. गाठीचा तुकडा बाहेर काढला की वरची बाजू कुठली, बगलेकडची कुठली हे समजायला टाके घालून खुणा करतात, मग कडांना शाई लावतात. आत कॅल्शियमचे बारीक ठिपके असतील तर त्याच तुकड्याचा एक्स-रे काढतात आणि जिथं सोय आहे तिथं फ्रोझन सेक्शन करतात, म्हणजे तुकडा गोठवून पातळ काप मायक्रोस्कोपखाली बघायचा, अर्धा तास वगैरे जातो. पण स्तनात चरबी जास्त, ती नीट गोठत नाही, काप फाटतात. म्हणून शेवटचा शब्द मेणाच्या ब्लॉकवरच्या, म्हणजे तुकडा मेणात बसवून कापून बघितलेल्या, रिपोर्टचा, त्याला दिवस लागणारच.

बायकोचं मार्जिन पॉझिटिव्ह आलं, परत ऑपरेशन सांगितलंय. सर्जननं नीट काढलं नाही काय? कोल्हापूरला नेऊ? (निपाणी)

लगेच सर्जनला दोष देऊ नका हो. पॉझिटिव्ह म्हणजे शाई लावलेल्या कडेवरच कॅन्सरच्या पेशी दिसल्या, आणि असे बारीक धागे हाताला लागत नाहीत, डोळ्याला दिसत नाहीत. गाठ काढल्यावर पोकळीच्या भिंतीचा अजून एक पातळ थर काढला तर हे कमी होतं, 2015 साली आलेल्या अमेरिकन अभ्यासात पॉझिटिव्हचं प्रमाण 34 टक्क्यांवरून 19 वर आलं, म्हणजे तरीही शून्य नाहीच. कोल्हापूरला, मिरजेला कुठंही न्या, पण नुसता कागद घेऊन जाऊ नका, लॅबमधून स्लाइड आणि ब्लॉक मागून घ्या, ते तुमचा हक्काचा माल आहे. लोक हेच विसरतात आणि मग परत हेलपाटा.

रिपोर्टात मार्जिन 1 मिलिमीटर लिहिलंय. फार कमी नाही काय? (शहापूर)

दुधाच्या नळीबाहेर आजूबाजूला शिरलेला (इन्व्हेसिव्ह) कॅन्सर असेल आणि पुढं लाईट, म्हणजे रेडिएशन, घेणार असाल तर शाईवर पेशी नाहीत एवढं सहसा पुरतं, 2014 पासूनची गाइडलाइन तीच सांगते. फक्त नळीतच राहिलेला, डीसीआयएस, असेल तर 2 मिलिमीटर धरतात. तुमचा कुठला ते रिपोर्टात वरच लिहिलेलं असतंय, आधी ते बघा.

यापेक्षा सगळा स्तनच काढला असता तर? (येळ्ळूर)

20 वर्षं पेशंट बघून 2002 साली छापलेल्या दोन मोठ्या अभ्यासांत जगण्यात फरक दिसला नाही. मात्र स्तन ठेवला की लाईट बहुतेकींना घ्यावीच लागते, आठवड्याला 5 दिवस, 3 ते 5 आठवडे, तेव्हा रोज कोण नेणार-आणणार आणि राहायची सोय कुठं हे ऑपरेशनआधीच घरात बोलून घ्या.