रोप-वेने गेलं तर गिरनारची यात्रा पूर्ण होते का?

आई ६८ वर्षांची, गुडघे दुखतात, घरचे म्हणतात रोप-वेने गेलं तर यात्रा होत नाही, तर गुजरातेतल्या गिरनारला तसं नेलं तर दत्तदर्शनाचं पुण्य लागतं का आणि वर किती चालावं लागतं, असं तुम्ही विचारलंय. पुण्य लागतं. ते ठरवायचा अधिकार दत्तमहाराजांचा आहे, नातेवाइकांचा नाही. तुमच्या प्रश्नात ‘घरचे म्हणतात’ हे शब्द वाचले आणि राहवलं नाही, म्हणून लिहितेय.

मुळात रोप-वे थेट दत्तशिखरावर, दत्तांच्या पादुकांपाशी सोडतो हा समजच चुकीचा आहे. २०२० च्या ऑक्टोबरात सुरू झालेला हा रोप-वे वाटेतल्या अंबाजीच्या देवळाजवळ थांबतो. जवळपास दहा हजार पायऱ्यांतल्या निम्म्या वाचतात, इतकंच. पुढे गोरक्षनाथांचं शिखर चढायचं, तिथून खाली कमानीपर्यंत सरळ उतार, मग पुन्हा उभा चढ चढून दत्तशिखर. आणि येताना हे सगळं उलट. गोरक्षनाथ ते कमान हा उतारच गुडघ्यांचा खरा बळी घेतो. चढताना माणूस दमतो, थांबतो, पाणी पितो, पुन्हा चढतो. उतरताना मात्र प्रत्येक पायरीला सगळा भार गुडघ्यावर येतो.

माझ्या आईचीही तुमच्या आईसारखीच अवस्था होती. गुरुवार कधी चुकला नाही, दत्तजयंतीला घरी गुरुचरित्राचं पारायण. गिरनारचं नाव काढलं की डोळे भरायचे. आमच्या भागातून दरवर्षी एक गट जातो, रात्री तळेटीहून, म्हणजे पायथ्यापासून, चढायला सुरुवात करून पहाटे पादुकांपाशी पोचणारा. आईने नाव द्यायचं म्हटलं तर गटप्रमुखांनी सांगितलं, रोप-वेवाल्यांना आम्ही नेत नाही, ती यात्रा नव्हे, सहल. आणि माझे मामा, आईचे सख्खे धाकटे भाऊ, तिथेच बसून मान डोलावत होते. आई काही बोलली नाही. घरी येऊन तिने बॅगेत भरलेली साडी परत कपाटात ठेवली.

मग मी एकटी घेऊन गेले तिला. अंबाजीपासून गोरक्षनाथ ती काठी टेकत चढली. पुढच्या उतारासाठी डोली केली. डोली म्हणजे बांबूला दोरांनी टांगलेलं छोटं आसन, पुढे एक माणूस, मागे एक. खांद्यावर फडक्याची घडी, आणि दर थोड्या पायऱ्यांनी ‘जय गिरनारी’ म्हणत खांदा बदलायचे. आईने सुरुवातीला डोळे मिटून घेतले होते, एका हाताने बांबू घट्ट धरलेला. थोड्या वेळाने पाहिलं तर ओठ हलत होते, नाम चाललं होतं. वरच्या शेवटच्या पायऱ्या तिने स्वतः चढायच्या म्हटल्या आणि चढली. दोन पायऱ्या, मग बसायचं, पुन्हा दोन पायऱ्या. शिखरावरचं मंदिर लहान आहे, आत फार वेळ थांबू देत नाहीत. तिने पादुकांवर डोकं ठेवलं आणि उठेचना. मागे रांग होती, पण कुणीही तिला घाई केली नाही.

मामा अजून लग्नाकार्यात म्हणतात, ‘ताईचं गिरनार तसं झालंच नाही.’ त्यांना माझा साधा प्रश्न आहे. तुम्ही ज्या पायऱ्या चढलात त्या काय आपोआप उगवल्या? आज दिसतात त्या पायऱ्यांसाठी जुनागढ संस्थानात १८८९ मध्ये चक्क लॉटरी काढून पैसा उभा केला होता. पायरी हीसुद्धा सोयच आहे. गिरनारवरच्याच जैन तीर्थंकर नेमिनाथांच्या दर्शनाला येणारे म्हातारे जैन यात्रेकरू पिढ्यान्‌पिढ्या डोलीत बसून येतात, त्यांची यात्रा कुणी खोटी ठरवली नाही. मग रोप-वेच्या पाळण्यात बसलेल्या बाईचीच का खोटी? ज्याचे पाय चालतात त्याने जरूर पायी चढावं, मीही चढलेय, रात्रीच्या त्या चढाला तोड नाही. पण आपल्या धडधाकट गुडघ्यांचा मोठेपणा दुसऱ्याच्या भक्तीवर लादू नये.

तर तुम्ही आईला न्याच. पायी किती चालवायचं ते डॉक्टरांना आधी विचारा, हृदयाचा त्रास असेल तर नक्कीच. डोलीचा दर वजनावर ठरतो, बसण्याआधी जाऊन-येऊन धरून बोलून घ्या. वारा सुटला की रोप-वे बंद ठेवतात, म्हणून एक दिवस हाताशी जास्तीचा ठेवा. पौर्णिमा आणि कार्तिकातली गिरनारभोवतीची परिक्रमा टाळा, त्या गर्दीत म्हाताऱ्या माणसाचे हाल होतात. कमानीपासून खाली कमंडलू कुंडाला धुनी आहे, प्रसादाचं जेवणही मिळतं, पण त्या पायऱ्या वेगळ्या उतराव्या-चढाव्या लागतात, तेव्हा तिथे जायचं की नाही ते आईची तब्येत बघून ठरवा. सकाळी पहिल्या फेऱ्यांमध्येच वर जा, म्हणजे ऊन चढायच्या आत दत्तशिखर होतं. आणि घरच्यांपैकी कुणाला सोबत न्यायचं असेल तर आईचा हात धरून सावकाश चालेल असंच माणूस न्या.