खरपूस की करपट? वाचकांचे प्रश्न : जर्मनीची गव्हाची डार्क बिअर

प्रश्न : दादा नमस्कार, आम्ही गेल्या वर्षी म्युनिकला शिफ्ट झालो. नवऱ्याच्या ऑफिसातली मंडळी एका बिअरगार्टनमधे घेऊन गेली आणि तिथे मी पहिल्यांदा डुंकलेस वाइसबिअर घेतली, म्हणजे गव्हाची डार्क बिअर. रंग बघून वाटलं कडूजहर असणार, पण तसं काहीच नाही, उलट गोडसर. टेबलावरचे सगळे म्हणत होते केळ्याचा वास येतो, लवंगेचा येतो, मला मात्र भाजलेल्या पावाशिवाय काही कळलं नाही. नंतर सुपरमार्केटमधून एक डुंकेल आणली तर तिच्यात केळं अजिबातच नाही. माझं नाक कमी पडतंय का?
(वाचक, म्युनिक)

उत्तर : दादा म्हणालीस म्हणून अगं-तुगं करतो. नाक अजिबात कमी पडत नाहीये, उलट या बिअरमधली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुला पहिल्याच ग्लासात सापडली.

आधी त्या सुपरमार्केटच्या बाटलीचं बघू. डुंकेल म्हणजे नुसतं गडद. बाटलीवर फक्त तेवढंच लिहिलं असेल तर ती बहुतेक म्युनिकची साधी डुंकेल, म्हणजे जवाची लागर (थंड तापमानात सावकाश आंबवलेली बिअर), तिचं यीस्टच वेगळं असतं त्यामुळे तिच्यात केळं शोधूच नकोस. लेबलवर डुंकेलच्या जोडीला वाइसबिअर, वाइत्सेन, हेफेवाइसे असा एखादा शब्द हवा, मग तिच्यात निदान निम्मं माल्ट गव्हाचं असतं आणि बाकी जवाचं.

आता पाव. आपल्याकडे नाचणीचं सत्व करताना नाचणीला मोड आणून वाळवतात ना, माल्ट म्हणजे तेच, फक्त इथे ते भट्टीच्या गरम हवेत वाळवतात आणि हवा जितकी गरम तितका दाणा गडद आणि वास खमंग. डार्क गव्हाच्या बिअरमधे असं जास्त तापवलेलं माल्ट वापरतात, त्यातलं एक तर म्युनिकच्याच नावाने ओळखलं जातं. कडूपणा हॉप्समधून, म्हणजे बिअरमधे घालतात त्या एका वेलीच्या कडू फुलांतून येतो आणि तो इथे मुद्दाम कमी ठेवलेला असतो, आयबीयू या कडूपणाच्या एककात मोजला तर साधारण 10 ते 18, म्हणून रंग काळपट आणि चव मऊ असं जमतं.

आपल्या भाषेत खरपूस आणि करपट असे दोन शब्द आहेत आणि या बिअरची अख्खी पारख मला विचारशील तर त्या दोन शब्दांच्या मधे आहे. पावाची तपकिरी कड, तव्यावरून आत्ताच उतरलेल्या भाकरीचा पापुद्रा, त्यात कणभर काकवी, हे खरपूस. कॉफीसारखा, कोळशासारखा वास आला आणि घशाशी जळका कडूपणा राहिला की ती करपट. स्टाउट या काळ्या बिअरमधे तसं चालतं कारण तिथे काळं होईपर्यंत भाजलेलं धान्य हवंच असतं, पण डार्क वाइसबिअरमधे तो दोष, आणि त्याचे मी मार्क कापतोच.

केळं आणि लवंग कोणी वरून घालत नाही, दोन्ही यीस्टचं काम. केळ्याचा वास आयसोअमाईल असिटेटचा, पिकलेल्या केळ्यातही तेच असतं. लवंगेसारखा वास धान्यातल्या फेरुलिक आम्लातून येतो, म्हणून काही ब्रुअर माल्ट गरम पाण्यात भिजवताना 45 अंशाच्या आसपास थोडा वेळ थांबतात, तिथे ते आम्ल जास्त सुटतं आणि मग यीस्ट त्याचं रूपांतर करतं. आंबवताना तापमान जरा वर गेलं की साधारण केळं पुढे येतं. गडद बिअरमधे हे दोन्ही वास पावाच्या मागे लपतात, त्यात ग्लास गारेगार असेल तर संपलंच.

एक प्रयोग कर. फ्रायझिंगच्या वाइहेनस्टेफान ब्रुअरीची नेहमीची हेफेवाइसबिअर आणि तिचीच डुंकेल अशा दोन बाटल्या आण, तुला दोन्ही सहज मिळतील. आधी फिकट हुंग, मग गडद. फिकटमधे केळं लगेच सापडेल आणि एकदा नाकाला ओळख पटली की गडदमधे पावाच्या आड ते कुठे बसलंय तेही कळेल. एकाच ब्रुअरीच्या दोन घेतल्या की फरक मुख्यतः माल्टचा उरतो, म्हणून हे कुठल्याही पुस्तकापेक्षा लवकर शिकवतं.

आणि एक राहिलं, वाइस म्हणजे पांढरी, मग गडद पांढरी कशी? पूर्वी बहुतेक बिअर गडदच असायच्या, जवाच्या तपकिरी बिअरपुढे गव्हाची उजळ दिसली म्हणून ती पांढरी, आजच्यासारखी पिवळीधमक वाइसबिअर लोकप्रिय व्हायला 1960 नंतरचा काळ उजाडला. बव्हेरियात 1516 च्या नियमाने बिअर जव, हॉप्स आणि पाण्याचीच, गव्हाला खास परवाना लागायचा आणि 1602 मधे ड्यूक माक्सिमिलियनने तो हक्क स्वतःकडे घेतला. पुढे मागणी घटत गेली, 1872 मधे गेओर्ग श्नायडर नावाच्या ब्रुअरने राजघराण्याकडून हक्क मिळवला आणि गव्हाची बिअर टिकली. श्नायडरची ओरिजिनल आजही तांबूस तपकिरीच आहे, तीही चाखून बघ.

प्रश्न : आम्ही चार मित्र स्टुटगार्टला असतो, महिन्यातून एकदा जमून बिअर चाखतो आणि मार्क देतो. पुढच्या वेळी डार्क वाइसबिअर ठरलीये. मागच्या खेपेला मार्कांवरून वाद झाले, एकाच बाटलीला एकाने 9 दिले आणि एकाने 4. पद्धत काय ठेवावी?
(वाचक, स्टुटगार्ट)

उत्तर : वाद झाला त्यात सगळी चूक जिभेची नसेल, बाटलीतून ओतण्याचीही असेल. या बिअरचं यीस्ट तळाला बसलेलं असतं. अर्ध्या लिटरची एक बाटली चार ग्लासांत ओतली की पहिल्याला वरचं निवळ मिळतं आणि चौथ्याच्या ग्लासात सगळा गाळ जातो, म्हणजे तुम्ही दोन वेगळ्या बिअर प्यायलात. म्हणून वाटून घेणार असाल तर झाकण उघडायच्या आधी बाटली आडवी करून टेबलावर हळूच दोनतीन वेळा गडगडवा (हलवू नका, फेस उसळेल) आणि मग ओता. एकटाच पिणार असेल तर उंच ग्लास गार पाण्याने विसळून तिरपा धरायचा, हळू ओतायचं, शेवटी दोन बोटं बिअर बाटलीत ठेवायची, ती गोल फिरवून गाळासकट वरून सोडायची. लिंबाची फोड नको, ती फेसही बसवते आणि वासही झाकते.

मार्कांसाठी बीजेसीपीचा (बिअर स्पर्धांचे परीक्षक तयार करणारी अमेरिकन संस्था) 50 चा तक्ता घ्या, वासाला 12, दिसण्याला 3, चवीला 20, तोंडात कशी लागते त्याला 5 आणि एकूण मताला 10. रंगाला फक्त 3 हे मला फार पटतं कारण लोक रंगावरच भाळतात. फेस मात्र बघा, दाट आणि टिकणारा हवा. फ्रीजमधून काढून दहापंधरा मिनिटं थांबा, 8 ते 10 अंशाला ती खुलते. एकदा लगेच हुंगा आणि ग्लास अर्धा झाल्यावर परत हुंगा, चांगली असेल तर दुसऱ्या वेळी जास्त देते. तोंडात भरीव पण जड नाही, फसफस भरपूर, आणि गिळल्यावर गोडवा चिकटून राहिला नाही पाहिजे, दुसरा घोट घ्यावासा वाटला पाहिजे.

आणि सगळ्यात मोठा नियम, कागदावर लिहून होईपर्यंत कोणी बोलायचं नाही. एकाने "केळं" म्हटलं की चौघांनाही केळंच येतं. जमायच्या आधी चिवडा, लसणाची चटणी वगैरे काही नको, मधे साधा पाव आणि पाणी पुरे.

प्रश्न : पुण्यात एक इम्पोर्टेड डार्क वाइसबिअर घेतली, महाग होती. ओल्या पुठ्ठ्यासारखा वास आणि मागे सोया सॉससारखी चव. अशीच असते का?
(वाचक, पुणे)

उत्तर : नाही हो, अशी नसते, ती बाटली शिळी होती. पुठ्ठ्याचा वास म्हणजे हवा आणि उष्णतेने बिअर उतरलेली, गडद माल्ट शिळं झालं की तो सोयासारखा वास येतो. ही बिअर ताजी प्यायचीच चीज आहे, आणि जर्मनीहून बोटीने येऊन मग उन्हाळाभर गरम गोडाऊनमधे पडली तर तिचं काय होणार. माझंही एकदा असंच झालं, एका दुकानात सेलमधे चार बाटल्या घेतल्या, दुपारचं ऊन थेट ज्या खिडकीत यायचं तिथेच त्या मांडलेल्या होत्या तरी घेतल्या, आणि घरी येऊन चारही ओतून दिल्या, फार वाईट वाटलं. तारीख बघा, संपायला चांगले पाचसहा महिने शिल्लक असतील तरच घ्या, शेल्फवरची न घेता दुकानाच्या फ्रीजमधली मागा, घरी उभी आणि अंधारात ठेवा. आणि या एका बाटलीवरून डार्क वाइसबिअर आवडत नाही असं ठरवू नका, तुम्ही ती अजून चाखलेलीच नाहीये.