सेन्सर तीनदा बदलला, दिवा पुन्हा लागला: गॅरेजकडून पैसे परत मिळतील का?

प्रश्न : माझी पेट्रोल गाडी तेरा वर्षांची आहे. सात महिन्यांत एकाच गॅरेजने तिचा पुढचा ऑक्सिजन सेन्सर तीनदा बदलला. दर वेळी ‘चेक इंजिन’चा दिवा विझतो आणि पंधरा-वीस दिवसांत पुन्हा लागतो. आता ते कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (इंजिनाचा धूर शुद्ध करणारा भाग) बदला म्हणतात. मी नाही म्हटलं, तर तिसऱ्या कामाचे पैसे दिल्याशिवाय गाडी सोडायला तयार नाहीत. बिलावर ‘जुन्या गाडीच्या कामाची गॅरंटी नाही’ असं छापलंय. तिन्ही बिलांच्या प्रती जोडल्या आहेत. सगळे पैसे आणि मनस्तापाची भरपाई मिळेल का?

उत्तर : सगळे नाही मिळणार, पण बरेच मिळू शकतात. मात्र आधी गाडी सोडवा. ज्या वस्तूवर कष्ट किंवा कौशल्य खर्च केलं, ती मजुरी मिळेपर्यंत अडवून ठेवण्याचा हक्क भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १७० ने दुरुस्ती करणाऱ्याला दिला आहे. काम नीट झालंच नाही, असा युक्तिवाद तुम्ही करू शकता. पण तो करत बसाल तोवर गाडी त्यांच्याच आवारात धूळ खात पडेल. तेव्हा पैसे भरा आणि त्यांच्याकडच्या बिलाच्या प्रतीवर ‘हक्क राखून, तक्रारीसह रक्कम दिली’ असं लिहून सही करा. ही अडवणूक फक्त त्याच कामाच्या बिलापुरती चालते. आधीची काही उधारी दाखवून गाडी ठेवता येत नाही.

आता बिलांकडे वळू. पहिल्या दोन्ही बिलांच्या कोपऱ्यात मेकॅनिकने पेनने कोड, म्हणजे स्कॅनरवर दिसणारा बिघाडाचा क्रमांक, लिहून ठेवलाय: पी-०१३५. तिसऱ्यावर नुसतं ‘ओ-टू (म्हणजे ऑक्सिजन) सेन्सर बदलला’. तुमची केस या दोन पेनाच्या खुणांवर उभी आहे, त्या प्रती जपून ठेवा.

ऑक्सिजन सेन्सर इंजिनाच्या धुरातला ऑक्सिजन मोजतो, पण चांगला तापल्याशिवाय काम करत नाही, म्हणून त्याच्या पोटातच एक छोटा हीटर असतो. पी-०१३५ हा कोड इंजिनाजवळच्या, म्हणजे पुढच्या सेन्सरच्या हीटर-सर्किटचा. सेन्सरने ऑक्सिजन चुकीचा मोजला, असं तो सांगत नाही. हीटरच्या विजेच्या वाटेत बिघाड आहे, एवढंच सांगतो. ही वाट फ्यूजपासून सुरू होते, वायर आणि कनेक्टरमधून सेन्सरपर्यंत जाते. जुन्या गाडीत सायलेन्सरच्या पाइपाजवळची वायर उष्णतेने कडक होते, इन्सुलेशन तडकतं, कनेक्टरच्या पिनांवर गंज चढतो. अशी वायर धक्क्याने कधी टेकते, कधी सुटते.

नवा सेन्सर घातला की हीटरही नवाच येतो. म्हणजे पहिल्यांदा सेन्सर बदलणं समजू शकतो. हीटर जळणं हे नेहमीचंच कारण आहे. पण नव्या सेन्सरवर तोच कोड परत आला, तेव्हा मल्टिमीटर (वीज मोजायचं यंत्र) लावून कनेक्टरवर वीज येते का, फ्यूज शाबूत आहे का, हे पाहायलाच हवं होतं. ते न पाहता दुसरा आणि तिसरा सेन्सर विकला. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २(११) मधली ‘सेवेतील त्रुटी’ ती हीच. दिवा पुन्हा लागला ही त्रुटी नव्हे, हे मी मुद्दाम सांगतो, कारण बहुतेक तक्रारी तिथेच फसतात. गॅरेजचा वकील म्हणेल, ‘दर वेळी दिवा विझवून गाडी दिली.’ स्कॅनरने कोड पुसला की दिवा विझतोच, दुरुस्ती झालेली असो वा नसो. दोष सलग फेऱ्यांमध्ये पुन्हा दिसला की तो परत लागतो. हे ग्राहक आयोगाला साध्या भाषेत सांगायचं.

कन्व्हर्टरचं मला पटत नाही. त्याच्या कार्यक्षमतेचा कोड वेगळा, पी-०४२०. हीटरच्या कोडवरून कन्व्हर्टर वाईट ठरत नाही. ‘कोणत्या कोडवरून आणि कन्व्हर्टरच्या पुढच्या-मागच्या दोन्ही सेन्सरच्या कोणत्या रीडिंगवरून हे सांगता?’ असं लेखी विचारा. उत्तर आलं नाही, तर तोही पुरावाच.

पुढचं पाऊल दुसऱ्या, निष्पक्ष वर्कशॉपमध्ये. तिथे जाईपर्यंत कुणालाही कोड पुसू देऊ नका. कोड पुसला की बिघाडाच्या क्षणाची नोंदवलेली माहितीही जाते. त्यांच्याकडून कोड, हीटरचा रोध, कनेक्टरवरचं व्होल्टेज आणि कारण लेटरहेडवर लिहून घ्या. जळकी वायर निघाली तर कापण्याआधी फोटो काढा. गॅरेजकडून तिन्ही जुने सेन्सर मागा. पहिल्याच वेळी मागायला हवे होते, असो. जोडकाम करून वायर लावली असेल तर तेही नोंदवा, कारण बरेच सेन्सर वायरींच्या फटीतून बाहेरची हवा घेतात आणि सोल्डरचा डाग दिल्यावर ती वाट बंद होते.

बिलावरच्या छापील ओळीला घाबरू नका. गॅरंटी नाही म्हणजे निष्काळजीपणाला मुभा, असा अर्थ होत नाही. मात्र ‘अनुचित करार’ (कराराच्या अटीच एकतर्फी आहेत) हा मुद्दा तक्रारीत घुसवू नका. तो राज्य आयोगाकडे जातो आणि तुमचं साधं प्रकरण उगाच वर चढतं.

मागणी माफक ठेवा: दुसरा आणि तिसरा सेन्सर, त्यांची मजुरी, स्वतंत्र तपासणीचा खर्च, तक्रारखर्च आणि मनस्तापापोटी वाजवी रक्कम. पहिल्या सेन्सरचे पैसे मागाल तर बाकीच्यांवरचा विश्वासही पातळ होईल. गाडी खासगी वापराची असेल तर अडचण नाही. धंद्याची असेल तर ती स्वतःच्या उपजीविकेसाठी स्वतः चालवता, हे दाखवावं लागेल.

आधी पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्या. दाद मिळाली नाही तर जिल्हा आयोग. दिलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही, आणि कलम ३४ मुळे तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं (कलम ६९). सात महिनेच झालेत, घाई नाही, पण वायर बदलून घेण्याआधी तो अहवाल हातात हवा.