आंब्याच्या जाती केवळ गंधद्रव्यांवरून ओळखता येतात का आणि त्याआधारे नवी जात तयार करता येईल का?

ओळखता येतात, तयार करणे मात्र फार अवघड आहे. हापूसमध्ये टर्पीन या गंधद्रव्यांच्या गटातील ऑसिमीन ठळक असते, तर टॉमी अ‍ॅटकिन्ससारख्या परदेशी जातीत केरीन. परंतु हापूसचा खरा गोडसर, दुधाळ दरवळ लॅक्टोन आणि फ्युरॅनोन यांचा असतो आणि ही द्रव्ये फळ पिकतानाच तयार होतात. त्यामुळे झाडाच्या पानाच्या वासावरून काढलेला निष्कर्ष अर्धवटच राहतो.

हे आमच्या चुलत बंधूंना मान्य नाही. कलम विकत घेताना ते पान चुरगळून हुंगतात आणि "हा अस्सल हापूस" असा निर्वाळा देतात. एका मे महिन्यात पडवीत त्यांचे डोळे पंचाने बांधले आणि आमच्या बागेतली रत्ना या संकरित जातीची व हापूसची फळे एकेक करून त्यांच्या नाकाजवळ धरली. फळाला हात लावायचा नाही, एवढीच अट होती. झाडावरून नुकत्याच उतरवलेल्या, देठाशी चीक ओला असलेल्या कैऱ्या त्यांनी सरसकट हापूस ठरवल्या. आढीतली पिकलेली फळे मात्र एकही न चुकता वेगळी केली. माझे म्हणणे यापेक्षा स्पष्ट कसे व्हावे? तरीही "कैऱ्यांना उन्हाचा वास लागला होता" हे त्यांचे पालुपद आजही चालू आहे.

रत्ना ही नीलम आणि हापूस यांच्या संकरातून 1981 साली आली आणि रत्नाचा पुन्हा हापूसशी संकर करून 1992 साली सिंधू. दोन्ही कोकण कृषी विद्यापीठाच्या. साका (गरात होणारा पांढरट, स्पंजासारखा दोष) नसावा, झाड दरवर्षी धरावे, बाठा पातळ असावा, हे त्यांतून साधले. गंध मागे राहिला, असे माझे ठाम मत आहे. गंधासाठीच निवड करायची म्हटली, तर संकराच्या रोपाला फळ येऊन ते पिकेपर्यंत वर्षानुवर्षे थांबावे लागते, आणि शेकडो मोहोरफुलांवर हाताने परागीकरण करूनही हाती मोजकीच फळे लागतात.

अर्थात, एकाच हापूसचा गंध देवगड, वेंगुर्ले आणि दापोली येथे थोडा बदलतो, हेही लक्षात घ्यावे. कलम घेताना मात्र रोपवाटिकेकडे मातृवृक्षाची माहिती मागा, जमल्यास त्या झाडाचे पिकलेले फळ खाऊन पाहा, आणि पाने हुंगणारे जाणकार नातेवाईक घरीच ठेवा.