स्कॉटलंड स्वतंत्र झालं तर तिथल्या लष्करी तळांचं, अण्वस्त्र पाणबुड्यांचं आणि सैनिकांचं काय होईल?

या प्रश्नात मुख्यतः दोन गोष्टी आहेत: वाटणी कुठल्या हिशेबाने होईल, आणि ट्रायडंट (म्हणजे अण्वस्त्रं वाहणाऱ्या क्षेपणास्त्रांच्या) पाणबुड्या कुठे जातील. पहिलीचं उत्तर त्या मानाने सोपं आहे. घोडं पेंड खातं ते दुसरीपाशी.

देश दुभंगला की स्थावर मालमत्ता ज्याच्या हद्दीत त्याची आणि हलवता येणारी मालमत्ता वाटून घ्यायची, असा सर्वसाधारण रिवाज आहे. १९८३ च्या व्हिएन्ना करारात तो लिहूनही ठेवलाय, पण तो करार आजवर लागूच झालेला नाही. म्हणजे जे काही ठरेल ते टेबलावर बसूनच. २०१४ च्या सार्वमताच्या वेळी (ते ४५ विरुद्ध ५५ टक्क्यांनी फसलं) स्कॉटलंडचा हिस्सा लोकसंख्येप्रमाणे साधारण ८.४ टक्के धरला जात होता. रणगाडे, ट्रक, रायफली, दारूगोळा यांना हा हिशेब चालतो. चार पाणबुड्यांचे ८.४ टक्के म्हणजे एका पाणबुडीचा तिसरा हिस्सा. तो कापून कसा देणार?

अशा वेळी देवघेव होते. चेकोस्लोवाकियाने सैन्यसामग्री दोनास एक अशी वाटली, पण मिग-२९ विमानं मात्र निम्मी-निम्मी झाली. आपल्याकडे १९४७ मध्ये पलटणी साधारण दोनास एक वाटल्या गेल्या, पण दारूगोळ्याचे कारखाने सगळेच्या सगळे भारताच्या हद्दीत राहिले आणि त्यापोटी पाकिस्तानला पैसे देण्याचं ठरलं. स्कॉटलंडच्या बाबतीतही मला हेच होईलसं वाटतं: ज्या वस्तूचा नव्या देशाला उपयोग नाही, तिच्या हिश्श्याचे पैसे किंवा बदली सामान.

आता पाणबुड्या. ब्रिटनच्या चारही व्हॅनगार्ड वर्गाच्या पाणबुड्या ग्लासगोच्या वायव्येला गेअर लॉखच्या काठावरच्या फॅस्लेन तळावर असतात. त्यांतली किमान एक सतत समुद्रात गस्तीवर असते, आणि ब्रिटनचा हा गस्तीचा नेम १९६९ पासून मोडलेला नाही. पण फॅस्लेन ही निम्मीच गोष्ट. डोंगराच्या पलीकडे लॉख लाँगवर कूलपोर्ट आहे. अण्वस्त्रांची स्फोटकं (क्षेपणास्त्राच्या टोकाला बसणारी, म्हणजे वॉरहेड) तिथल्या डोंगरातल्या कोठारांत असतात आणि तरंगत्या, छत असलेल्या धक्क्यावर ती क्षेपणास्त्रांवर चढवली-उतरवली जातात. क्षेपणास्त्रं अमेरिकेबरोबरच्या सामाईक साठ्यातली, तिथल्या जॉर्जिया राज्यातल्या किंग्ज बे तळावरून येतात. स्फोटकं ब्रिटिश, ती दक्षिण इंग्लंडातल्या बर्कशरमधल्या कारखान्यातून लष्करी ताफ्यांनी रस्त्याने येतात. मोठी दुरुस्ती प्लिमथजवळच्या डेव्हनपोर्ट गोदीत होते.

म्हणजे कारखाना इंग्लंडात, गोदी इंग्लंडात, क्षेपणास्त्रं अमेरिकेत. स्कॉटलंडात आहे तो फक्त या सगळ्यांची जोडणी करणारा दुवा. आणि नेमका तोच दुसरीकडे हलवायला सगळ्यात अवघड.

काढून नेणं आणि दुसरीकडे बसवणं यांत लोक गल्लत करतात. काढून न्यायला फार वेळ लागत नाही. एकेक पाणबुडी कूलपोर्टला आणायची, स्फोटकं उतरवायची, ताफ्याने दक्षिणेला पाठवायची. ब्रिटिश संसदेच्या स्कॉटिश समितीसमोर २०१२ मध्ये हा विषय आला तेव्हा साधारण दोन वर्षांचा अंदाज मांडला गेला होता. पण ती ठेवायची कुठे? पाणबुड्या एक वेळ डेव्हनपोर्टला उभ्या करता येतील. तिथे अणुभट्टीची कामं आधीपासून होतातच. कूलपोर्टला मात्र पर्याय नाही. घन इंधनाने भरलेली क्षेपणास्त्रं आणि अण्वस्त्रं जिथे हाताळायची, तिथे भोवती ठरावीक अंतरात वस्ती नको, खोल पाणी हवं आणि वाऱ्यालाटांपासून आडोसाही हवा. डेव्हनपोर्टला लागूनच अख्खं शहर आहे. वेल्समधलं मिलफर्ड हेवन १९६० च्या दशकातही विचारात होतं. आज तिथे द्रवरूप वायूचे टर्मिनल आहेत. फाल्मथचं नाव नेहमी निघतं, पण तिथे गावं आणि जमिनी ताब्यात घ्याव्या लागतील, परवाने मिळवावे लागतील, शिवाय कोर्टकचेऱ्या. दहा वर्षांच्या आत हे होईल असं मला वाटत नाही.

तेव्हा भांडण खरं तर या मधल्या वर्षांचं आहे, आणि त्यावर दोनच तोडगे दिसतात. एक, भाडेपट्टा. दुसरा, सायप्रससारखा सार्वभौम तळ: १९६० मध्ये सायप्रस स्वतंत्र झाला तेव्हा ब्रिटनने अक्रोटिरी आणि डेकेलिया मिळून २५४ चौरस किलोमीटर जमीन स्वतःकडेच ठेवली. हा दुसरा मार्ग एडिनबराचं कुठलंही सरकार गिळणार नाही. भाडेपट्ट्याचा इतिहासही फार सुखाचा नाही. सेव्हास्तोपोल हे क्रिमियातलं बंदर युक्रेनने रशियाच्या आरमाराला भाड्याने दिलं; तो १९९७ चा करार २०१७ पर्यंतचा होता, तो २०१० मध्ये २०४२ पर्यंत वाढवला आणि २०१४ मध्ये क्रिमियासकट सगळंच गेलं. आयर्लंडमधली तीन बंदरं १९२१ च्या करारानुसार ब्रिटिश आरमाराकडे राहिली आणि १९३८ मध्ये शांतपणे परत केली गेली. मला हे उदाहरण स्कॉटलंडला जास्त जवळचं वाटतं. परक्या देशाची अण्वस्त्रं ठेवल्याने अण्वस्त्रप्रसारबंदी करार मोडतो असं बरेच जण म्हणतात, ते खरं नाही. ताबा ब्रिटनकडेच राहिला तर अडचण नाही. जर्मनी आणि इटलीत अमेरिकन बॉम्ब याच तत्त्वावर आहेत.

नव्या देशाची स्वतःची सेना ही वेगळीच कथा. नोव्हेंबर २०१३ च्या स्कॉटिश सरकारच्या श्वेतपत्रिकेत वर्षाला अडीच अब्ज पौंड, दहा वर्षांत १५,००० नियमित सैनिक, दोन फ्रिगेट (मध्यम आकाराच्या युद्धनौका) आणि लॉसीमाउथच्या हवाई तळावर किमान १२ टायफून लढाऊ विमानं असं चित्र होतं. कागदावर ठीक. पण दोन फ्रिगेटमध्ये आरमार चालत नाही: एक समुद्रात, एक दुरुस्तीत, एक सरावात, असा तिघांचा फेरा लागतो. दोनच असल्या की एक गोदीत असताना दुसरीत बिघाड झाला, म्हणजे समुद्रात शून्य. त्यातून ब्रिटनच्या टाइप-२३ फ्रिगेट पोर्ट्समथ आणि डेव्हनपोर्टच्या. त्यांचे सुटे भाग आणि दुरुस्तीची सोय दक्षिणेतच.

बारा टायफूनचंही तसंच. चोवीस तास दोन विमानं उड्डाणाला सज्ज ठेवायची तर त्यांना बदली विमानं लागतात, काही कायम खोल देखभालीत असतात, उरलेल्यांवर वैमानिकांचा सराव. एवढ्यात भागतं, पण काठावर. शिवाय टायफूनच्या वैमानिकांचं रूपांतर-प्रशिक्षण (या विमानावर हात बसवण्याचं) इंग्लंडात कॉनिंग्जबीला होतं. आइसलंड आणि बाल्टिक देश हा खर्चच टाळतात, त्यांच्या आकाशात नाटोची विमानं आळीपाळीने गस्त घालतात. माझं मत विचाराल तर पहिली दहा वर्षं स्कॉटलंडने हेच करावं आणि पैसा सागरी टेहळणीवर घालावा.

सैनिकांवर मात्र टक्केवारी चालत नाही. रॉयल रेजिमेंट ऑफ स्कॉटलंड अख्खी उचलून नव्या देशाला देता येत नाही, कारण प्रत्येक जवानाला कुणाकडे जायचं हे विचारावं लागणार. पाणबुडीवरच्या अणुभट्टी तंत्रज्ञाला स्कॉटलंडात कामच उरणार नाही, तो दक्षिणेला जाईल. राष्ट्रकुल आणि आयर्लंडचे नागरिक आजही ब्रिटिश सैन्यात भरती होतात, त्यामुळे स्कॉटिश तरुणांना ती वाट बंद व्हायचं कारण नाही. पेन्शनची आधीची वर्षं कोणी भरायची, हा मुद्दा आकड्याने लहान पण भरतीवर परिणाम करणारा. तो पहिल्याच दिवशी मिटवायला हवा.

गोदी कामगारांना जास्त धोका. ग्लासगोतल्या गोव्हन-स्कॉट्सटन गोद्यांत टाइप-२६ आणि एडिनबराजवळच्या रोसाइथला टाइप-३१ फ्रिगेट बांधल्या जातात, आणि ब्रिटन आपल्या लढाऊ युद्धनौका सहसा देशाबाहेर बांधत नाही. चालू असलेल्या नौका पूर्ण होतील. पुढच्या मागण्या येतील याची हमी नाही.

आणि रोसाइथलाच सात निवृत्त अणुपाणबुड्या वर्षानुवर्षं उभ्या आहेत. इंधन काढलेलं आहे, पण अणुभट्टीचे भाग आतच. त्यांतली स्विफ्टशुअर सुटी करण्याचं काम सुरू आहे. त्या भट्टीचा मुख्य भाग इंग्लंडात केपनहर्स्टला ठेवायचा आहे. स्वातंत्र्यानंतर तो परदेशातून पाठवलेला किरणोत्सारी कचरा ठरेल, तेव्हा तो स्वीकारण्याचं लेखी कबुली लंडनकडून आधीच घेतली नाही, तर गोदीची जमीन स्कॉटलंडची आणि तिच्यातला कचराही त्याचाच.