संशयवादी? आधी उठून बसा!

गोव्यातल्या साखळी गावाहून एका शिक्षिकाबाईंनी विचारलं आहे: शाळेत वादस्पर्धा आहे, विषय 'हवामानबदल: विज्ञान की हितसंबंध?'. 'क्लायमेट स्केप्टिक'ला कुणा मुलाने 'हवामान संशयवादी' लिहिलंय, कुणी 'शंकेखोर'. बरोबर कोणतं? आणि 'हितसंबंध' मुलांच्या जिभेला जड जातो, दुसरा शब्द आहे का?

बाई, मुलांना काही म्हणू नका. हा 'संशयवादी' माझ्या कानात गोम शिरावी तसा गेली काही वर्षं वळवळतो आहे. यंदा चवथीला घरी आलेल्या एका नातेवाइकाने मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला: पृथ्वी तापतेय वगैरे सगळं थोतांड आहे म्हणे. वर छाती काढून सांगतो, "मी मुळात संशयवादी माणूस." त्या व्हिडिओबद्दल मात्र त्याला तिळाएवढाही संशय नव्हता.

शंका, संदेह, संशय यांतले बारीक फरक कोणताही कोश सांगेल, त्यात मी शिरत नाही. 'शंकेखोर' खोडून टाका. ते स्वभावाचं नाव आहे, भूमिकेचं नव्हे. तत्त्वज्ञानाच्या परिभाषेत 'संशयवाद' रूढ आहे, हे मला ठाऊक आहे. रूढ असेल. चुकलेला आहे.

'संशय' म्हणजे सम् अधिक शी. शी म्हणजे निजणे. शय्या, शयन हे त्याच घरचे. पाणी जिथे निजतं तो जलाशय. मन दोन पक्षांच्या मधोमध आडवं होतं, ना या कुशीवर ना त्या कुशीवर, तो संशय. म्हणजे संशयवादी हा व्युत्पत्तीनेच आडवा पडलेला माणूस.

आणि स्केप्टिक? ग्रीकमध्ये 'स्केप्तोमाय' म्हणजे निरखून पाहणे. स्केप्टिक म्हणजे पाहणारा, डोळे उघडे ठेवून बसलेला. एक पाहतो, दुसरा निजतो, आणि आमच्या परिभाषाकारांनी दोघांना एकाच खाटेवर घातलं!

आता खरी गंमत. या ग्रीक शब्दाचं मूळ 'स्पेक्', ग्रीक, लॅटिन आणि संस्कृत यांच्या सामाईक आजीच्या भाषेतलं. आपण 'नुकसान'चं 'नुसकान' करतो तसं ग्रीकांनी प आणि क यांची अदलाबदल केली. लॅटिनने 'स्पेक्' जसाच्या तसा ठेवला. संस्कृतात तोच झाला 'स्पश्'. स्पश म्हणजे हेर. ऋग्वेदात वरुणाचे हेर त्याच्याभोवती बसलेले आहेत, 'परि स्पशो नि षेदिरे'. बसलेले, बाई, निजलेले नव्हेत. याच स्पश् पासून 'स्पष्ट', म्हणजे जे नीट पाहिलं गेलं ते. सुरुवातीचा स गळाला की उरतो 'पश्य', आणि आपलं 'पाहणे' त्याच्याच पोटचं असं मी मानतो. दशाचा जर दहा होतो तर श चा ह होण्यात नवल कसलं? (कोकणीतलं 'पळोवप' कुठून आलं, हा वेगळा तंटा. तो मी आज उकरत नाही.)

एवढ्यावर थांबलो असतो, पण पणजीतल्या आल्तिनो टेकडीवरून, आर्चबिशपच्या वाड्याजवळून, जाताना प्रत्येक वेळी मला हसू येतं. ग्रीकमध्ये 'एपि' म्हणजे वर आणि 'स्कोपोस' म्हणजे पाहणारा. एपिस्कोपोस, वरून लक्ष ठेवणारा. पोर्तुगीजांनी तो घासून 'बिश्पु' केला आणि आमच्या ख्रिस्ती शेजाऱ्यांनी 'बिस्प'. म्हणजे आर्चबिशपच्या वाड्यातला बिस्प, वरुणाचा हेर, दुर्बिणीचा टेलिस्कोप आणि तुमच्या विद्यार्थ्यांचा स्केप्टिक हे चौघे चुलतभाऊ. 'स्पष्ट' ही त्यांची बहीण. आडव्या पडलेल्या संशयाचं या कुटुंबाशी सोयरसुतकही नाही.

पणजीतल्या एका निवृत्त प्राध्यापकांना हे मान्य नाही. मध्यवर्ती ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर त्यांनी मला अर्धा तास उन्हात उभं केलं. पाणिनीच्या मते 'पश्य' हा 'दृश्' चा आदेश, म्हणजे त्याच्या जागी येणारं रूप, आणि धातुपाठात, म्हणजे संस्कृत धातूंच्या यादीत, 'स्पश्' चा अर्थ बाधणे आणि स्पर्श करणे, 'तेव्हा तुमचं हे सगळं युरोपीय खूळ'. सर, आपल्याविषयी आदर आहे. पण पाणिनी रूप कसं चालतं ते सांगतो, कुठून आलं ते नव्हे. कदंबाची सरकारी बस कोणत्या मार्गावर धावते हे फलकावर असतं, ती कोणत्या कारखान्यात बनली ते फलकावर शोधू नये. आणि धातुपाठातले अर्थ मागाहून जोडलेले आहेत असं मानणारे पंडित भारतातच होऊन गेले. त्यांना खूळ म्हणणार का?

असो. स्पर्धेकडे येतो. खरा स्केप्टिक कसा असतो हे मुलांना दाखवायचं तर अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या रिचर्ड मुलर यांचं उदाहरण द्या. भौतिकशास्त्रज्ञ, तापमानाच्या नोंदींवर त्यांचा विश्वास नव्हता. म्हणून त्यांनी चमू जमवून त्या नोंदी नव्याने तपासायला घेतल्या. पैसा देणाऱ्यांत चार्ल्स कोक यांची संस्थाही होती, म्हणजे तेलाच्या धंद्यातलं घर. २०१२ मध्ये मुलर यांनी जाहीर केलं: तापमान वाढलं आहे, आणि त्याचं कारण जवळजवळ सर्वस्वी माणूसच आहे. अंथरूण घालून दिलेलं होतं, गडी निजला नाही.

उलट बाजूचंही सांगा, नाहीतर परीक्षक तुमच्या मुलांना एकांगी म्हणतील. आयपीसीसीच्या, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल समितीच्या, २००७ च्या अहवालात हिमालयातल्या हिमनद्या २०३५ पर्यंत नाहीशा होतील अशी चूक शिरली होती. हिमनद्यांच्या अभ्यासकांनीच ती दाखवली, आणि २०१० च्या जानेवारीत आयपीसीसीने ती कबूल केली. हे पाहणाऱ्यांचं काम. पण त्या एका चुकीवर उशी ठेवून उरलेला सगळा अहवाल झोपून फेटाळणारे पुढे वर्षानुवर्षं भेटले.

आणि निजवणारे? १९६९ मध्ये अमेरिकेतल्या एका तंबाखू कंपनीच्या अंतर्गत टिपणात चक्क लिहिलं होतं की शंका हेच आपलं उत्पादन. सिगारेटचा तोच माल पुढे कोळसा-तेलाच्या वखारीत आला. एक्सॉन या तेल कंपनीच्या शास्त्रज्ञांनी १९७७ ते २००३ या काळात केलेले तापमानवाढीचे अंदाज २०२३ साली 'सायन्स'मधल्या एका अभ्यासात तपासले गेले, तर त्यांतले ६३ ते ८३ टक्के अचूक निघाले. घरातले डोळे उघडे, आणि बाहेरच्यांना सांगायचं की अजून नक्की काही नाही, झोपा.

अशांना संशयवादी म्हणणं हा संशयाचाही अपमान. तर्कशास्त्राच्या जुन्या न्यायसूत्रांत यांच्यासाठी नेमका शब्द आहे: वितंडा. स्वतःचा पक्ष मांडायचाच नाही, दुसऱ्याचा तेवढा पाडायचा. हे वितंडवादी. आणि स्केप्टिकला 'चिकित्सक' म्हणा. डॉक्टरशी घोटाळा होईल अशी भीती वाटत असेल तर 'चिकित्सक वृत्तीचा' म्हणा, पण त्याला उभा तरी राहू द्या.

दिवाडी बेटावर माझ्या ओळखीचा एक म्हातारा आहे, आयुष्य मानशीवर गेलेलं. (मानस म्हणजे खाजनाच्या, खाडीकाठच्या सखल शेतजमिनीच्या, बांधातलं ते लाकडी दार, भरतीचं खारं पाणी त्याला आतून नाही, बाहेरून रेटतं आणि ते आपोआप मिटतं, ओहोटीला उघडतं.) पाणी हल्ली वर येतं का, असं मी विचारलं. त्याने दाराशेजारच्या चिऱ्यावर ओढलेल्या निळ्या रंगाच्या रेघा दाखवल्या, गेल्या दोन पावसाळ्यांतल्या. वरची रेघ चांगली चार बोटं वर. मी लगेच मान डोलावली, तर म्हणाला, "राव रे. दर्या चडला काय बांद बसला, तें आदीं पळोवंक जाय." समुद्र चढला की बांध खचला, ते आधी पाहायला हवं. दोना पावल्याच्या समुद्रविज्ञान संस्थेतले लोक वेगळ्या यंत्रांनी हाच प्रश्न सोडवत असतात. याला म्हणतात स्केप्टिक, आणि त्या रेघेला स्पष्ट.

'हितसंबंध' राहिला की! पर्याय मला सापडलेला नाही. 'स्वार्थ' चालेल, पण त्यात शिवी आहे, आणि मोल्याच्या जंगलातल्या प्रकल्पांवरून वाद पेटला त्या वेळी दोन्ही बाजू एकमेकींना तीच घालत होत्या. तेव्हा तोच जड शब्द राहू द्या. एक मात्र मुलांना जरूर सांगा. इंग्रजीत 'इंटरेस्ट' म्हणजे हितसंबंधही आणि बँकेतलं व्याजही. आणि आपल्याकडे व्याज म्हणजे? मुळात सबब, बहाणा. म्हणून तर निर्व्याज हसू म्हणतो आपण. परवा आमच्या गल्लीतल्या एका पदवीधराने निर्व्याजचा अर्थ 'बिनव्याजी' सांगितला. त्याच्यावर पुढच्या खेपेला.